सीडरचा खांब सगळ्यांनी मिळून कोरायचा, म्हणजे कोणी नक्की काय करायचं?

आमच्या मुलाच्या शाळेच्या आवारात सीडरचा खांब (उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचा, इंग्रजीत ज्याला ‘टोटेम पोल’ म्हणतात तो) कोरायचं काम सुरू झालं तेव्हा पालकांच्या समितीत मी होते. एके दिवशी मुख्य कारागीर उशिरा येणार होते. पंचवीस मुलं ओंडक्याभोवती जमलेली, सगळ्यांचे हात शिवशिवत होते. कोणीतरी पॉलिश पेपरचा गठ्ठा आणला आणि आम्ही चार पालकांनी तो हौसेनं वाटून टाकला. दुपारपर्यंत खांबावर कोरलेल्या डोमकावळ्याचा खांदा तुकतुकीत झाला. कारागीर आले, त्यांनी खांद्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता डबा उघडून जेवायला बसले. पुढचे दोन दिवस ते तोच खांदा पुन्हा तासत होते. वाकस म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार, त्याच्या धारेनं लाकडावर उथळ खळग्यांच्या रांगा उमटतात. त्या रांगा त्यांना हव्या होत्या आणि आम्ही त्या घासून काढल्या होत्या.

हा लेख त्या गठ्ठ्यामुळे लिहितेय. ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन, अलास्का या किनारपट्टीवर आता बरीच मराठी कुटुंबं आहेत. शाळा, वाचनालय, विद्यापीठ यांच्याकडून अशा कामात हातभार लावायचं बोलावणं येतं. तेव्हा काय करायचं, कोणत्या टप्प्यावर करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, ते क्रमानं सांगते.

आधी दोन शब्दांचा घोळ

‘टोटेम’ हा शब्द या किनाऱ्याचा नाही. तो हजारो किलोमीटर पूर्वेकडच्या महासरोवरांजवळच्या ओजिब्वे लोकांच्या ‘डूडेम’ म्हणजे कुळ या अर्थाच्या शब्दावरून आला. खांब कोरणारे लोक वेगळे: हायडा, त्लिंगिट, त्सिमशियन, निस्गा, गिटक्सान, हायस्ला, क्वाक्वाकावाक्व, नूचानुल्थ वगैरे. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि खांबासाठीचा शब्दही वेगळा. कोरायच्या शेडवर जाण्याआधी तिथले लोक खांबाला काय म्हणतात ते विचारून घ्या आणि तोच शब्द वापरा.

दुसरा घोळ आपला. सीडर म्हटलं की आपल्याला देवदार आठवतो. हिमालयातला देवदार हा खरा सीडर. इथला तांबडा सीडर, म्हणजे थुजा प्लिकाटा, देवदाराच्या नव्हे तर सायप्रसच्या कुळातला. लाकूड हलकं, मऊ, सरळ रेषांचं, पाचर ठोकली की लांबच लांब फळ्या सुटणारं. त्याच्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे ते लवकर कुजत नाही. म्हणून पावसाळी किनाऱ्यावर घरं, होड्या, पेट्या आणि खांब याच झाडाचे झाले. सालीचे दोर आणि टोप्याही झाल्या.

पहिली पायरी: जमीन कोणाची, गोष्ट कोणाची

ओंडका बघायला जायच्या कितीतरी आधीचं हे काम आहे आणि समितीचे सगळ्यांत जास्त दिवस याच कामात जायला हवेत.

व्हँकुव्हर शहर मस्क्विम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वॉटूथ या कोस्ट सॅलिश लोकांच्या भूमीवर उभं आहे. स्टॅनली पार्कमधले उंच खांब पर्यटक पिढ्यान्‌पिढ्या बघत आले, पण ते मुळात उत्तरेकडच्या लोकांच्या परंपरेतले. कोस्ट सॅलिशांची परंपरा घराच्या कोरीव खांबांची आणि स्वागतमूर्तींची. त्यांचं स्वतःचं काम त्या जागी ठळकपणे उभं राहायला २००८ साल उजाडलं. त्या वर्षी मस्क्विमच्या सुझन पॉइंट यांची तीन प्रवेशद्वारं तिथे बसवली गेली. म्हणून ‘आपल्या शाळेत एक टोटेम पोल हवा’ असं वाक्य समितीत आलं की आधी विचारा, या जमिनीचे लोक असा खांब करतात का? करत नसतील तर ते काय करतात? दुसऱ्या प्रदेशातल्या कारागिराला बोलवायचं असेल तर स्थानिक लोकांची परवानगी घेतली का? ही परवानगी घेणं कारागीर स्वतःही मोठ्या काळजीनं पाळतात, आयोजकांनी ती त्यांच्यावर ढकलू नये.

आता गोष्ट. खांबावरची गरुड, अस्वल, डोमकावळा, किलर व्हेल ही चित्रं सजावट म्हणून येत नाहीत. ती कुळाची चिन्हं असतात, ती दाखवायचा हक्क घराण्यांकडे वारशानं येतो आणि त्यामागची कथा सांगायचा हक्कही. सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय जमीन विकता येत नाही, तसं समजा. त्यामुळे मुलांकडून ‘तुमचा आवडता प्राणी काढा, आपण तो खांबावर घेऊ’ अशी स्पर्धा घेऊ नका. आमच्याकडे एका उत्साही पालकानं गणपती सुचवला होता, ‘हत्तीही प्राणीच की’ म्हणून. हसून विषय संपला, पण अशी सूचना करणाऱ्याला कारण नीट समजावून सांगावं, नुसतं गप्प बसवू नये.

समाजाला आराखड्यात सहभागी करायचं असेल तर रीत वेगळी आहे. लोकांनी काय आठवायचं, काय नोंदवायचं ते बोलावं आणि कारागिरानं ते ऐकून आपल्या हक्कातल्या आकारांत बसवावं. हायडा ग्वाय या हायडा लोकांच्या बेटांवर, ग्वाय हानास इथे १५ ऑगस्ट २०१३ रोजी उभा राहिलेला ४२ फुटी खांब याचं उत्तम उदाहरण आहे. हायडा लोक आणि कॅनडा सरकार यांच्यातल्या १९९३ च्या कराराला वीस वर्षं झाली म्हणून तो कोरला गेला. कारागीर जालेन एडनशॉ. १९८५ साली लायल बेटावर जंगलतोड थांबवण्यासाठी हायडा लोकांनी रस्ता अडवला होता, त्यांची आठवण म्हणून खांबावर हातात हात घालून उभी पाच माणसं आहेत. आंदोलनातल्या लोकांनी वाकस चालवला असेल-नसेल, त्यांचा सहभाग लाकडातच आहे.

दुसरी पायरी: पैसे, कागद आणि एक लाजिरवाणा खांब

अंदाजपत्रकात मुख्य कारागीर, त्यांचे शिष्य, ओंडका, वाहतूक, क्रेन, पायाचा अभियंता, विमा, जेवणावळी आणि भेटवस्तू एवढ्या ओळी हव्यातच. शेवटच्या दोन ओळी समित्या विसरतात. कारागिराला ‘मुलांना शिकवायची संधी’ हे मानधन म्हणून देऊ नका. कोरायचे दिवस आणि शिकवायचे दिवस वेगळे धरा, दोन्हींचे पैसे वेगळे द्या. शिकवायच्या दिवशी कोरीव काम फारसं पुढे सरकत नाही, हे वेळापत्रकात आधीच मांडा.

करारात हे मुद्दे असावेत: आकृतींचे हक्क कोणाकडे, फोटो कोणी कधी काढायचे, शाळेच्या टी-शर्टवर चित्र छापता येईल का (बहुधा नाही), दुरुस्ती कोण करणार आणि खांब जुना होऊन पडला तर पुढे काय.

देणंघेणं चुकवलं तर काय होतं याची एक कथा अलास्कात सांगतात. १८६७ साली रशियाकडून अलास्का विकत घेण्याचा व्यवहार करणारे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सुअर्ड पद सोडल्यावर १८६९ मध्ये त्लिंगिट लोकांकडे आले. त्यांचा मानपान झाला, भेटी मिळाल्या. साहेबांनी परतफेड काही केली नाही. मग त्यांच्या नावानं लाज काढणारा खांब उभा राहिला. केचिकनजवळच्या सॅक्समनमध्ये तो आजही दाखवतात. नाक आणि कान लाल रंगवलेले.

तिसरी पायरी: ओंडका

झाड निवडणं कारागिराचं काम. आपण फक्त मापं समजून घ्यायची. हायडा ग्वायच्या जमीनवापराच्या नियमांत मोठ्या कोरीव कामासाठी राखायच्या झाडांची व्याख्याच आहे: छातीच्या उंचीवर एक मीटरपेक्षा जास्त व्यास आणि बुंध्याच्या फुगीर भागाच्या वर किमान सात मीटर सलग, चांगलं खोड. अशी झाडं शेकडो वर्षांची असतात. जुन्या काळी झाड आतून पोकळ आहे का ते पाहण्यासाठी खोडाला खोल चौकोनी भोक पाडत. काही झाडं तिथेच सोडून दिली, ती अजून जंगलात त्या भोकांसकट उभी आहेत. झाड तोडण्याआधी त्याचे आभार मानायची रीत आहे. त्यासाठी बोलावलं तर जा, गुपचूप उभे राहा.

वजनाचा हिशेब समितीतल्या कोणीतरी करून ठेवावा. बारा मीटर लांब आणि सरासरी एक मीटर जाड ओंडका म्हणजे साधारण साडेनऊ घनमीटर. ओला सीडर घनमीटरला सव्वाचारशे-साडेचारशे किलो धरला तर चार टन होतात. एवढं वजन शाळेच्या व्यायामशाळेच्या जमिनीवर किंवा डांबराच्या पातळ थरावर ठेवता येत नाही, हे आमच्या लक्षात ट्रक दारात आल्यावर आलं.

मोठ्या खांबांची पाठ बहुतेकदा कोरून पोकळ करतात, म्हणजे आडवा छेद अर्ध्या बांगडीसारखा होतो. वजन कमी होतं आणि लाकूड वाळताना पडणाऱ्या मोठ्या भेगा टळतात. बघणाऱ्याला ही पाठ कधी दिसत नाही. त्यामुळेच नवख्यांनी हात बसवायची ती सगळ्यांत चांगली जागा आहे, त्यावर पुढे येतेच.

चौथी पायरी: शेड

छप्पर हवं, भिंती उघड्या चालतील. ओंडका ऊन आणि सुका वारा खाऊ लागला की तडकतो. तोंडं मेणानं किंवा रंगानं बंद करतात, रात्री ओली पोती आणि वर प्लॅस्टिक टाकतात. हे पोती भिजवायचं काम दररोजचं, कंटाळवाणं आणि अत्यंत मोलाचं. आमच्याकडे पाच कुटुंबांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. मी म्हणेन, स्वयंसेवक खरा आहे की फोटोपुरता, ते या पाळ्यांत कळतं.

धूळ हलक्यात घेऊ नका. तांबड्या सीडरच्या भुशात प्लिकॅटिक आम्ल असतं आणि त्यानं काही लोकांना दमा जडतो. लाकूडकामगारांत हा आजार चांगला माहीत आहे. चेन सॉ किंवा घासकाम चालू असताना मास्कशिवाय कोणी जवळ जाऊ नये. ज्या मुलाला आधीच दमा आहे त्याला शेडबाहेरचं काम द्या.

ढलप्या झाडून पोत्यांत भरा, पण फेकण्याआधी विचारा. आमच्या पहिल्या आठवड्याच्या ढलप्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. प्रत्येक मुलाला त्यातली एकेक द्यायचा कारागिरांचा बेत होता, हे नंतर कळलं.

पाचवी पायरी: कोणत्या टप्प्यावर कोणाचा हात

‘सगळ्यांनी कोरलं’ असं म्हणताना सगळ्यांनी सगळीकडे कोरायचं नसतं. टप्पे असे येतात.

साल आणि पांढरं लाकूड काढणं. सालीखालचा फिकट थर लवकर कुजतो म्हणून तो काढून टाकावा लागतो. चूक झाली तरी खालून गाभ्याचं लाकूडच निघणार, म्हणून मोठ्या जमावासाठी हा टप्पा उत्तम. एका दिवशी चाळीस माणसं आळीपाळीनं बसवता येतात.

पाठ पोकळ करणं. मोठे काप कारागीर चेन सॉनं घालून ठेवतात, मधल्या वड्या पाचर आणि मोगरीनं उडवायच्या. हे काम मोठ्यांना आणि वरच्या इयत्तेतल्या मुलांना देता येतं. हात बसायला इथेच वाव मिळतो.

मध्यरेषा आणि आराखडा. रंग लावलेलं सूत ओंडक्यावर ताणून टिचकी मारली की मध्यरेषा उमटते. हायडा आणि उत्तरेकडच्या शैलीत चेहरे दोन्ही बाजूंना सारखे असावे लागतात, म्हणून अर्ध्या चेहऱ्याचा कागदी साचा करून तो रेषेच्या एका बाजूला गिरवतात आणि उलटून दुसऱ्या बाजूला. साचा धरणं आणि गिरवणं मुलं छान करतात. लंबगोलासारखा पण खालून जरा सपाट असा डोळ्याचा जो आकार दिसतो, तो सगळ्या शैलीचा कणा आहे. कोस्ट सॅलिश शैलीत मात्र चंद्रकोरी आणि त्रिकोणी काप जास्त दिसतात. मुलांना हा फरक दाखवा, त्यांच्या लगेच लक्षात येतो.

चेहरे खोल काढणं. इथे प्रेक्षकांनी दोरीपलीकडे जायचं. सीडर मऊ आहे पण ठिसूळही. चोचीचा कोपरा किंवा पापणीची कड एका चुकीच्या घावात निखळते आणि लाकूड परत चिकटत नाही. इंग्रजीत ‘खांबावर सगळ्यांत खाली असलेला माणूस’ म्हणजे क्षुल्लक माणूस असा वाक्प्रचार आहे. प्रत्यक्षात तळाची आकृती लोकांच्या डोळ्यांसमोर येते, म्हणून ती बहुतेकदा मुख्य कारागिराच्या हातची असते. नवख्यांना ‘खालचं काहीतरी’ द्यायची चूक करू नका.

शेवटचं तासणं. खळग्यांच्या त्या रांगा शिष्य घालतात, वर्षानुवर्षांच्या सरावानं. काही कारागीर पृष्ठभाग गुळगुळीतही करतात, तेव्हा पॉलिश पेपर चालतो. आधी विचारा म्हणजे झालं.

शिष्यांबद्दल थोडं. सहभाग म्हटलं की आयोजक पाहुण्यांचा विचार करतात, पण सगळ्यांत महत्त्वाचा सहभाग त्याच समाजातल्या तरुण शिष्यांचा असतो. १८८४ मध्ये कॅनडानं मूळ रहिवाशांसाठीच्या ‘इंडियन ॲक्ट’ या कायद्यामध्ये दुरुस्ती करून पॉटलॅच, म्हणजे ज्या समारंभात खांब उभे राहत तो समारंभच, बेकायदा केला. कायद्यातून ती बंदी १९५१ मध्ये गेली. मधल्या काळात खांब तोडले गेले, संग्रहालयांनी नेले, शिकवणारे हात संपत आले. १९६९ साली रॉबर्ट डेव्हिडसन या विशीतल्या हायडा तरुणानं मॅसेटमध्ये खांब कोरून उभारला, तो गावातला जवळजवळ ९० वर्षांतला पहिला. म्हातारी माणसं एकत्र बसून गाणी आणि रीतिभाती आठवू लागली. म्हणून पैसे कमी पडले तर पाहुण्यांचे कार्यक्रम कापा, शिष्याची जागा कापू नका. शिष्यांत मुली असतील तर नवल करू नका. क्वाक्वाकावाक्व समाजाच्या एलन नील विसाव्या शतकाच्या मध्यावर व्यवसाय म्हणून खांब कोरत होत्या आणि हायडा कारागीर फ्रीडा डीझिंग यांच्या नावानं ब्रिटिश कोलंबियातल्या टेरेस गावी कोरीवकामाची शाळाच आहे.

सहावी पायरी: वाकस हातात घेण्याआधी

वाकस आपल्या सुतारालाही माहीत आहे. इथला वाकस हाताच्या कोपरासारख्या वाकलेल्या फांदीचा दांडा घेऊन त्याला पातं बांधून करतात. पातं पुष्कळदा गाडीच्या जुन्या पाट्याच्या स्प्रिंगचं असतं. दुसरं हत्यार वाकडी सुरी, तिचं पातं टोकाशी वळलेलं. कारागिराची हत्यारं त्याची स्वतःची, घडवलेली आणि हाताला बसलेली असतात. न विचारता उचलू नका, ओलांडूनही जाऊ नका. सरावाची हत्यारं वेगळी मागा.

सराव सीडरच्याच टाकाऊ तुकड्यावर करावा, किमान एक सकाळ. मला शिकवलेलं सांगते. पाय फाकवून उभे राहा आणि दांडा घसरला तर पातं नडगीवर येणार नाही अशा कोनात उभे राहा. मनगट सैल ठेवा. जोर घालायचा नाही, वाकसाच्या वजनाला पडू द्यायचं. घाव उथळ घ्या, पातं रुतलं तर कोयंडा उचकटल्यासारखं वर उपटू नका, पुढचा घाव त्याच्या मागे टाका. उंचवट्याकडून खोलगटाकडे जा. ढलपी सुटताना गुंडाळत आली तर दिशा बरोबर. लाकूड फाटत आत जाऊ लागलं तर तुम्ही रेषांच्या उलट चालला आहात, तिथेच थांबा आणि विरुद्ध बाजूनं या. हात कसा चाललाय ते कानालाही कळतं, बरोबर घावाचा आवाज कोरडा आणि छोटा असतो.

कोरणाऱ्याच्या दोन हात अंतरात दुसरं कोणी नको. वाकडी सुरी वापरताना रिकाम्या हातात कापरोधक मोजा घाला. बोथट हत्यार जास्त धोक्याचं, कारण माणूस जोर लावतो, म्हणून धार लावणारा माणूस दिवसभर जागेवर हवा. आणि दारू किंवा नशा करून शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, आदल्या रात्रीची उतरली नसेल तरीही.

वीस मिनिटांत हात भरून येतो. थकलेल्या माणसाला उठवण्याचं अप्रिय काम एखाद्या खमक्या मावशीकडे द्यावं.

सातवी पायरी: मुलं, ज्येष्ठ आणि तांब्याचे खिळे

कोरता न येणाऱ्या हजारो लोकांना एका खांबात सामावून घ्यायचं कसं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत समर्पक उत्तर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात उभं आहे. हायडा कारागीर आणि वंशपरंपरागत चीफ जेम्स हार्ट यांचा सलोख्याचा खांब, ५५ फूट, सुमारे ८०० वर्षांच्या सीडरचा, १ एप्रिल २०१७ रोजी मस्क्विम भूमीवर उभारला गेला. त्याच्या मधोमध निवासी शाळेची इमारत कोरली आहे. कॅनडात दीड लाखाच्या आसपास मुलांना घरापासून तोडून अशा शाळांत ठेवलं गेलं आणि शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. परत न आलेल्या मुलांसाठी खांबात ६८,००० तांब्याचे खिळे ठोकले आहेत. ते ठोकले त्या शाळांतून वाचलेल्यांनी, त्यांच्या घरच्यांनी, शाळकरी मुलांनी. एक खिळा, एक हातोडा, अर्धा मिनिट.

यातून आयोजकांनी उचलायचं ते एवढं, की सहभागाची कृती छोटी असावी आणि ती कारागिरानं स्वतः आराखड्यात धरलेली असावी. मागाहून बळंच घुसवलेली कृती वेगळी दिसते. आणि विषय जड असेल तर त्या दिवशी शेडजवळ शांत खोली, चहा आणि समजूतदार माणूस ठेवा. आमच्याकडे एक आजीबाई खांबाला नुसता हात लावून अर्धा तास बसल्या होत्या. शिक्षिका त्यांना ‘काय वाटतंय?’ विचारायला निघाली होती, तिला मी थांबवलं. हात लावणं हासुद्धा सहभाग आहे. २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या लुम्मी समाजाच्या कारागिरांनी कोरलेला खांब ट्रेलरवरून अमेरिकाभर फिरवत वॉशिंग्टन डी.सी.ला नेला, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी लोकांनी येऊन त्याला हात लावला, प्रार्थना केली.

रंग

थोडक्यात आटोपते. काळा, लाल आणि निळसर हिरवा हे प्रमुख रंग. पूर्वी कोळसा, गेरूसारखी माती आणि तांब्याची खनिजं, आणि चिकटपणासाठी सीडरच्या सालीबरोबर चघळलेली सामनची अंडी. आता बाजारात मिळणारे, उघड्यावर टिकणारे रंग वापरतात. काही खांबांना रंग देतच नाहीत. उत्तरेकडच्या शैलीत मुख्य काळी रेषा जाडबारीक होत अखंड वाहते, तिला स्वयंसेवकांनी हात लावू नये. आतल्या भरावाच्या जागा कारागिरानं खुणा करून दिल्या तर भरा.

उभारणीचा दिवस

इथे मात्र जेवढी माणसं येतील तेवढी हवीत. पारंपरिक पद्धतीत खड्ड्याच्या एका बाजूनं उतरता चर खणतात, खांबाचं बूड त्यात सरकवतात, वरच्या टोकाला दोर बांधून तीन-चार दिशांना माणसं उभी राहतात. एका बाजूचे ओढतात, समोरचे धरून ठेवतात, बाजूचे तोल सांभाळतात. कात्रीसारखे बांधलेले वासे खांबाखाली सरकवत नेतात, म्हणजे दोर ढिला पडला तरी तो मागे येत नाही. ग्वाय हानासचा खांब सुमारे ४०० लोकांच्या साक्षीनं असाच दोरांनी उभा राहिला. यात्रेत रथाचा दोर ओढलेल्या माणसाला ही नशा ओळखीची वाटेल आणि तिथेच धोका आहे. यात्रेत जो तो ओढतो. इथे आवाज फक्त एका माणसाचा ऐकायचा. ‘थांबा’ म्हटलं की थांबा. दोर मनगटाला गुंडाळू नका, ताणलेल्या दोरावरून पाय टाकू नका, खांबाच्या उंचीइतक्या अंतरात लहान मुलं नकोत. जाड हातमोजे घाला.

शहरात अभियंता बहुधा काँक्रीटचा पाया आणि पाठीला पोलादी आधार मागतो, मग क्रेन येते. अशा वेळी निदान ओंडका शेडपासून जागेपर्यंत खांद्यावर किंवा दोरानं नेण्याचा मान लोकांना ठेवा, वजन झेपत असेल तर. खांब सरळ झाला की ओळंबा लावून बघतात, दगड ठासतात आणि कारागीर आपली हत्यारं घेऊन खांबाभोवती नाचतात. कोणती गाणी कोणी म्हणायची तेही ठरलेलं असतं. टाळ्या वाजवाव्या की नाही ते शेजारच्याला विचारा. फोन खिशात ठेवा, परवानगी जाहीर होईपर्यंत.

मग जेवण आणि भेटी. आपल्याकडे पाहुणे आहेर आणतात, इथे यजमान पाहुण्यांना देतात. ती भेट साक्षीचं मानधन असते. खांब कोणाचा, त्यावर काय आहे, त्या दिवशी काय जाहीर झालं हे तुम्ही पाहिलंत आणि उद्या कोणी विचारलं तर सांगायची जबाबदारी तुम्ही घेतलीत, असा त्याचा अर्थ. टॉवेल असो की मुरंब्याची बरणी, ‘नको नको, कशाला’ असा आपला संकोच न करता दोन्ही हातांनी घ्या. स्वयंपाकघरात मात्र मराठी मंडळानं खुशाल उतरावं. आम्ही दीडशे माणसांचा मसालेभात केला होता, सामनच्या शेजारी तो व्यवस्थित संपला.

नंतर

खांबाला व्हार्निश मारू नका. शेवाळ, करडेपणा, बारीक भेगा येणारच. पक्ष्यांची घरटी, बुडाशी साचणारं पाणी, उगवणारी रोपटी यांवर वर्षातून दोनदा नजर ठेवा आणि जे दिसेल ते कारागिराला कळवा. स्वतः लांबी भरू नका, रंग ‘ताजा’ करू नका.

आणि तो कधीतरी पडेल. स्गांग ग्वाय बेटावरचे जुने हायडा खांब १९८१ पासून जागतिक वारसा आहेत, तरी ते कलत, कुजत जमिनीकडे चालले आहेत आणि हायडा लोक त्यांना तसं जाऊ देतात. याउलट १८७२ चा हायस्ला चीफ ग्प्सगोलॉक्स यांचा खांब १९२९ मध्ये स्वीडनला नेला गेला. हायस्लांनी तो परत मागितला आणि त्याच्या बदल्यात संग्रहालयासाठी नवा खांब कोरूनही दिला. जुना २००६ मध्ये घरी आला.

या दोन्ही गोष्टी कारागिराबरोबर बसून आधीच बोलून घ्या: खांब पडला तर तिथेच ठेवायचा का, शाळेची इमारत पाडायची वेळ आली तर तो कोणी कुठे न्यायचा, निर्णय कोण घेणार. आमच्या करारात त्यासाठी एकच ओळ आहे. शाळेनं कारागिराच्या घरच्यांना फोन करायचा आणि ते सांगतील तसं करायचं.